संकटांतून वांचलेल्या मुलाची शुश्रूषा

(उपदेशक, शिक्षक व घरांतील वडील माणसें यांच्यासाठीं पाठ)



वेल्हे व भोर या भागांतील आपल्या बहुतेक वाड्या डोंगराच्या उतारावर किंवा नदीच्या कांठीं वसल्या आहेत. तोरणा व राजगड यांच्या कुशींत आषाढश्रावणांत पाऊस कसा कोसळतो, कानंदी व गुंजवणी कशा फुगतात, हें तुम्हांस सांगावयास नको. याच वेल्हे भागांतील आंबी नदीवरचें पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें व त्या पाण्यानें पुणें शहराचा मोठा भाग बुडविला, ही गोष्ट पुष्कळांनीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकली आहे. पुढचें संकट कोणत्या गांवीं व कोणत्या वर्षीं येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु तें आल्यावर जें मूल जिवंत हातीं लागेल, त्याच्याशीं आपण कसें वागावें, हें मात्र आधीं शिकून ठेवतां येतें. आजच्या पाठाचा विषय हाच आहे.

१. माळीण गांवचें तान्हें बाळ

आपल्याच पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस, आंबेगांव तालुक्यांत, डिंभे धरणाच्या पाण्याजवळ माळीण नांवाचें गांव होतें. आपल्या वाड्यांसारखेंच तें सह्याद्रीच्या उतारावर होतें. ३० जुलै २०१४, बुधवार, या दिवशीं सकाळीं मोठ्या पावसांत वरचा डोंगर खचला आणि चिखल, दगड व झाडें यांच्या लोंढ्याखालीं चाळिसांहून अधिक घरें गडप झालीं. नित्याप्रमाणें एस. टी. गाडी घेऊन आलेल्या चालकास गांव दिसेना. त्यानें ती वार्ता बाहेर पोंचविली. त्या दिवशींच्या आपत्तींत १५१ माणसें मृत्यु पावलीं.

या मृत्यूच्या राशींतून एक आई व तिचें सुमारे तीन महिन्यांचें बाळ कित्येक तासांनंतर जिवंत बाहेर काढण्यांत आलीं. बाळाचें रडणें मदत करणाऱ्यांच्या कानीं पडलें, म्हणून तीं दोघें सांपडलीं. त्यांस मंचर येथील रुग्णालयांत नेलें, व सबंध देशानें त्या बाळाची वार्ता आनंदानें ऐकली.

अशा गोष्टी पूर्वींही घडल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. त्यानंतर मंगरूळ या गांवीं सुमारे दीड वर्षाची एक मुलगी पडलेल्या घरांत, खाटेखालीं, पांच दिवसांनीं सैनिकांस जिवंत आढळली. वरंधा घाट उतरून गेलें म्हणजे लागणाऱ्या महाड शहरीं २४ ऑगस्ट २०२० रोजीं सायंकाळीं एक पांच मजली इमारत कोसळली. तेथें दुसऱ्या दिवशीं, सुमारे एकोणीस तासांनीं, चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु त्याची आई वांचली नव्हती.

ढिगारा उपसणारे लोक मधून मधून सर्व यंत्रें बंद करितात, बोलणें थांबवितात व अगदीं स्तब्ध राहून कान देतात. आंतून एखादा कण्हण्याचा किंवा रडण्याचा शब्द येतो काय, हें ते ऐकतात. ही त्यांच्या कामाची ठरलेली रीत आहे. गोंगाटांत रडणें ऐकूं येत नाहीं. वाचकांनीं ही रीत लक्षांत ठेवावी; पाठांत पुढें तिचा उपयोग होणार आहे.

मूल बाहेर आलें म्हणजे आपण म्हणतों, “वांचलें हो!” आणि घरोघर परततों. परंतु रुग्णालयाच्या खाटेवर ठेवलेल्या त्या मुलाचें वांचणें अजून पुरें झालेलें नसतें. पहिलें काम फावड्यानें झालें. राहिलेलें काम पुष्कळ दिवसांचें आहे, आणि तें बव्हंशीं आपल्याच हातीं असतें.

२. शरीराची शुश्रूषा

ढिगाऱ्यांतून निघालेल्या मुलाच्या अंगावर पुष्कळदां मोठी जखम दिसत नाहीं. तें डोळे उघडून पाहतें, पाणी मागतें. मग नातेवाईक म्हणतात, “पोर धड आहे, कशाला येथें ठेवावयाचें? घरीं नेऊं.” ही चूक जिवावर बेतूं शकते. तिचीं तीन कारणें आहेत.

पहिलें कारण गारठा. लहान मुलाचें अंग मोठ्या माणसाच्या अंगापेक्षां फार लवकर थंड पडतें, आणि ओल्या चिखलांत तर अधिकच. म्हणून त्याचे ओले कपडे काढावे, अंग कोरडें पुसावें, डोकें झांकावें व त्यास कोरड्या पांघरुणांत घ्यावें. तान्हें बाळ असेल तर आईच्या, व ती नसेल तर दुसऱ्या निरोगी माणसाच्या, उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावें. शेगडी जवळ आणूं नये व तापविलेली वीट अंगास लावूं नये. गारठलेल्या कातडीस चटका कळत नाहीं व ती भाजून निघते.

दुसरें कारण दाब. हात किंवा पाय तासन्‌तास दगडाखालीं दबला तर आंतील मांस मरूं लागतें. दाब निघाला म्हणजे त्या मांसांतील विषारी द्रव्यें रक्तांत उतरतात. त्यांनीं हृदयाची गति बिघडते व मूत्रपिंडें बंद पडूं शकतात. लघवी चहासारखी काळसर होणें ही त्याची एक खूण आहे. म्हणूनच डॉक्टर शिरेंतून पाणी देतात व परिचारिका लघवी मोजून लिहून ठेवितात. कोणता अवयव किती वेळ दबला होता हें तुम्हांस ठाऊक असेल, तर विचारण्याची वाट न पाहतां तें सांगावें.

तिसरें कारण माती. ती नाकातोंडांतून फुप्फुसांत गेल्यास दोनतीन दिवसांनींही ताप व दम लागूं शकतो. जखमेंत राहिल्यास ती पिकते व धनुर्वाताचें भय असतें. म्हणून जखम धुणें, टोंचून घेणें व कांहीं दिवस नजरेखालीं राहणें अवश्य आहे.

यासाठीं नियम असा. १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका मागवावी. तिचें भाडें द्यावें लागत नाहीं. मूल गुंगींत असेल तर त्याच्या तोंडांत पाणी, दूध किंवा चहा घालूं नये. तो श्वासनळींत जातो. वेल्ह्याच्या किंवा भोरच्या डॉक्टरांनीं पुण्यास ससून रुग्णालयांत न्यावयास सांगितलें तर न्यावें. तें रुग्णालय १८६७ सालापासून गोरगरिबांची सेवा करीत आहे. पैशांच्या भयानें मागें फिरूं नये. आणि डॉक्टरांनीं “आतां न्या” असें म्हटल्यावांचून मूल घरीं आणूं नये.

तान्ह्या बाळाच्या आईविषयीं एक शब्द. भयानें व दुःखानें दूध कमी आलें तर बायका म्हणतात, “हिचें दूध आटलें,” व बाटली आणतात. भीतीनें दूध उतरावयास वेळ लागतो, परंतु तें कायमचें आटत नाहीं. आईस निवांत बसवावें, तिला खाऊंपिऊं घालावें व बाळ वारंवार अंगावर घ्यावयास सांगावें. दूध पुन्हां येऊं लागतें.

३. मनाची शुश्रूषा

शरीर बरें होऊं लागतें तेव्हां मन बोलूं लागतें, परंतु मोठ्यांसारखें शब्दांनीं नव्हे. पांचसहा वर्षांच्या आंतील मूल मागें जातें: पूर्वीं सोडलेलें अंगठा चोखणें पुन्हां धरितें, अंथरूण ओलें करितें, एक क्षणभर दृष्टीआड होऊं देत नाहीं. त्याहून मोठें मूल रात्रीं दचकून उठतें, पावसाचा आवाज ऐकून थरथरतें, उगीच चिडतें, किंवा अगदीं गप्प राहतें. कोणी मूल पांघरुणाचा डोंगर करितें, त्याखालीं काड्या पुरितें, आणि तोच खेळ पुन्हां पुन्हां खेळतें. हें पाहून मोठीं माणसें भितात. परंतु जें सोसलें तें आवरून घेण्याची मुलाची ही रीतच आहे. रागें भरूं नये, लाज वाटेल असें बोलूं नये, खेळ हिसकावूं नये.

आतां आपल्या भेटीविषयीं. आपल्याकडे समाचारास जाणें हा धर्म मानितात व तें योग्यच आहे. परंतु दहा माणसें खाटेभोवतीं उभीं राहतात. एक म्हणतो, “कसें झालें रे? सांग बघूं.” दुसरी पदर डोळ्यांस लावून म्हणते, “पोरका झाला ग बिचारा!” तिसरा मोबाईल काढून त्याचें छायाचित्र घेतो. ज्या मुलास काल डोंगरानें घेरलें होतें, त्यास आज माणसांनीं घेरलें. यास समाचार म्हणतां येत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं आपद्ग्रस्तांस पहिली मानसिक मदत कशी द्यावी याविषयीं एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचें सार तीन गोष्टींत आहे: गरज काय आहे तें पाहा, तें माणूस जें बोलेल तें ऐका, आणि ज्याची मदत हवी त्याच्याशीं त्याची गांठ घालून द्या. घडलेलें सांगावयास कोणास भाग पाडूं नये, हें त्यांत मुद्दाम बजाविलें आहे. आपली रीत अशी असावी: त्या मुलाच्या ओळखीचें एकच माणूस, आजी, मामा किंवा मावशी, रात्रंदिवस पाळीनें नव्हे तर शक्य तोंवर तेंच, त्याच्यापाशीं राहावें. बाकीच्यांनीं डबा, कपडे, औषधें व गांवच्या घराची व्यवस्था पाहावी. सुई टोंचावयाची असेल तर “दुखणार नाहीं” असें खोटें सांगूं नये. “थोडें दुखेल, मी हात धरितें,” असें म्हणावें. जेवण, अंघोळ, निजणें हीं ठरल्या वेळीं व्हावीं. मूल बोललें तर ऐकावें. न बोललें तर स्वस्थ बसावें. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्यानें बसले तोंवर त्यांनीं त्याचें कांहीं बिघडविलें नाहीं. बोलावयास लागल्यावर बिघडविलें.

ढिगाऱ्यापाशीं यंत्रें थांबवून कान देण्याची जी रीत आपण वर पाहिली, तीच खाटेपाशींही हवी.

४. खरें सांगावें कीं नाहीं?

सर्वांत कठीण प्रसंग हा आहे. समजा, सहा वर्षांचा एक मुलगा वांचला व त्याची आई गेली. तो आजीस विचारतो, “आई कोठें आहे?” आजीचा कंठ दाटतो. ती म्हणते, “आई मुंबईस गेली आहे, बाळा, येईल हो.” वॉर्डांतील सर्वजण मान डोलावितात. कोणासही वाईट करावयाचें नाहीं. सर्वांस त्या जिवाची दया येते. तरी यांत मोठें नुकसान आहे.

तो मुलगा दारांतून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहतो. आई मला न भेटतां गेली, म्हणजे मीं कांहीं तरी केलें असेल, असें त्याचें मन म्हणतें. कोणी “आई झोंपली आहे” असें सांगितलें तर तो स्वतः झोंपावयास भितो. आणि एके दिवशीं शेजारच्या खाटेवरील पोर सहज म्हणून जातें, “तुझी आई तर मेली.” त्या घडीस त्यानें दोन वस्तु गमावल्या: आई, आणि आजीवरचा विश्वास. त्याच्यापाशीं उरलेला आधार तोच होता.

आजी म्हणेल, “एवढ्याशा पोराला मी कोणत्या तोंडानें सांगूं?” तिचें दुःख खरें आहे, तिचीही लेक किंवा सून गेली आहे. म्हणून तिला एकटीस सोडूं नये. आधीं डॉक्टरांस विचारावें, कीं मूल नीट शुद्धीवर आहे काय व ऐकण्याच्या स्थितींत आहे काय. मग निवांत वेळीं, रात्रीं निजण्याच्या आधीं नव्हे, त्याचें अत्यंत जवळचें माणूस त्यास मांडीवर घेऊन किंवा हात धरून बसेल, व थोड्या साध्या शब्दांत सांगेल:

“बाळा, डोंगर खचला तेव्हां आई मातीखालीं सांपडली. तिला फार लागलें आणि ती मेली. ती आतां परत येणार नाहीं. यांत तुझी कांहीं चूक नाहीं. तुला सोडून जावें असें तिला वाटत नव्हतें. मी येथेंच आहे.”

इतकेंच. मूल रडेल, किंवा लगेच “मला बिस्किट दे” म्हणेल. दोन्ही स्वाभाविक आहेत. उद्यां तें तोच प्रश्न पुन्हां विचारील, परवांही विचारील. प्रत्येक वेळीं तेंच खरें उत्तर तितक्याच मायेनें द्यावें. सांगणारीच्या डोळ्यांस पाणी आलें तर येऊं द्यावें; आईसाठीं रडावयास हरकत नाहीं, हें मुलास त्यावरून समजतें.

५. दोष कोणाचा?

आपल्या खेड्यांत एक विषारी बोल अजून ऐकूं येतो. सर्व गेलीं व एक पोर राहिलें कीं म्हणतात, “पांढऱ्या पायाचें आहे, आईबापांस खाऊन बसलें.” मुलगी असेल तर हा शब्द तिचा जन्मभर पाठलाग करितो. उपदेशकानें असा शब्द कानीं पडतांच उभें राहून त्याचा निषेध करावा. डोंगर मुलाच्या पायगुणानें खचत नाहीं. अतिवृष्टीचें पाणी मुरून झिजलेल्या खडकावरील माती जड व सैल होते व तीव्र उतारावरून घसरते. हें कारण आहे.

परंतु आपल्या मंडळींतही निराळ्या रूपांत तीच चूक होते. कोणी म्हणतो, “त्या गांवाचें पाप भरलें होतें.” शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला, तेव्हां तीं माणसें इतरांहून अधिक पापी नव्हतीं असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें, लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून पाहावा. दुसरा कोणी प्रेमानें मुलास म्हणतो, “देवानें तुला कसें वांचविलें बघ!” मूल मनांत विचारतें, “मग माझ्या ताईस कां नाहीं?” वांचल्याबद्दल आपण देवाचे आभार मानावे, परंतु मुलाच्या खाटेपाशीं त्याचें प्रवचन करूं नये. ज्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यांस देतां येत नाहीं, तो लहानाच्या उशाशीं ठेवूं नये.

६. रुग्णालयांतून घरीं

आईबाप दोन्ही गेलीं असतील तर मुलाचें पुढें काय? १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां कांहीं मुलें आश्रमशाळेंत होतीं म्हणून वांचलीं. परंतु त्यांचें घर व घरचीं माणसें गेलीं. अशा वेळीं दयेनें किंवा अन्य हेतूनें अनोळखी माणसें पुढें येतात व म्हणतात, “पोर आम्हांस द्या.” तसें कदापि देऊं नये. २०१५ च्या कायद्याप्रमाणें ज्याचें कोणी नाहीं अशा सांपडलेल्या मुलास २४ तासांच्या आंत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढें न्यावें लागतें, व दत्तक देणेंही कायद्याच्या मार्गानेंच होतें. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. सख्खे नातेवाईक संभाळावयास तयार असतील तर समितीस तसें सांगावें. भावंडांची ताटातूट होऊं नये म्हणून आग्रह धरावा. त्यांचें एकमेकांवांचून आतां कोणी उरलेलें नसतें.

घरीं आल्यावर शक्य तितक्या लवकर शाळा सुरू करावी. शाळेची घंटा, पाटी, सोबती हीं मुलास सांगतात कीं जग अजून चालू आहे. शिक्षकानें वर्गास आधींच समजावून ठेवावें, कीं याला कोणी छेडावयाचें नाहीं व खोदून विचारावयाचें नाहीं. दचकणें व अंथरूण ओलें होणें बहुधा हळूहळू कमी होतें. एक महिना लोटूनही मूल जेवत नसेल, झोंपत नसेल, कोणाशीं बोलत नसेल, किंवा “मला आईकडे जावयाचें आहे” असें मरणाविषयीं बोलत असेल, तर डॉक्टरांस दाखवावें. १४४१६ या क्रमांकावरही मनाच्या दुखण्याविषयीं फुकट सल्ला मिळतो. मनाच्या दुखण्याची लाज धरूं नये. मोडलेल्या हाडाची कोणी लाज धरितो काय?

प्रथम पावसाळा, वर्षश्राद्धाचा दिवस, आईचा सण, या वेळीं दुःख पुन्हां उसळतें. त्या दिवशीं मुलाजवळ जाऊन बसावें. माळीणच्या लोकांसाठीं जवळच आमडे येथें नवी वस्ती बांधून २०१७ सालीं घरें देण्यांत आलीं. घरें बांधावयास तीन वर्षें लागलीं. मग लहान जिवाचें मन तीन दिवसांत बांधून व्हावें अशी अपेक्षा आपण कशी करावी?

बंधुभगिनींनो, ढिगारा उपसावयास बळकट दंड लागतात. ते सर्वांस नसतात. परंतु एका मुलाशीं खरें बोलणें, त्याचें ऐकणें व त्याला न सोडणें, हें वाडींतील कोणत्याही आजीस करितां येतें. तें झालें म्हणजेच मूल वांचलें असें म्हणावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. अंगावर जखम दिसत नसतांही मुलास रुग्णालयांत कां ठेवितात? तीन कारणें सांगा.
२. ढिगारा उपसणारे लोक मधून मधून काम कां थांबवितात? खाटेपाशीं त्यापासून काय शिकावें?
३. “आई मुंबईस गेली” असें सांगितल्यानें मुलाचें काय नुकसान होतें? आपण काय सांगाल, तें स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवा.
४. “पांढऱ्या पायाचें” या बोलास आपल्या वाडींत कोणतें उत्तर द्याल?
५. १०८, १०९८ व १४४१६ हे क्रमांक कशासाठीं आहेत? ते शाळेच्या किंवा सभास्थानाच्या भिंतीवर लिहून ठेवा.